हाफ क्लचवर चाललेलं शरीर

मराठीत 'नस' म्हणजे नक्की काय, हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. रक्तदान शिबिरात सिस्टर म्हणतात, "हिची नस सापडत नाहीये," तेव्हा ती रक्तवाहिनी असते. मेसच्या मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणतात, "नस दबलीय गं माझी," तेव्हा ती नर्व्ह असते. आणि ओरलला एक्स्टर्नल सर नेमका नको तोच प्रश्न विचारून आपली दुखरी नस पकडतात, ती कुठली ते मेडिकलवाल्यांनाही सांगता येणार नाही! मी पडले कॉन्व्हेंटची. "मराठी विभागासाठी टेक्निकल काहीतरी लिही" असं फर्मान निघालं तेव्हा पहिला घाम फुटला तो या असल्या शब्दांनीच. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की हा गोंधळ अगदीच चुकीचा नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक लहान धमनीला बाहेरून नर्व्हच्या बारीक धाग्यांचं जाळं गुंडाळलेलं असतं. एक नस दुसऱ्या नसेच्या अंगावर बसलेली, आणि वरची खालचीला सतत सांगत्येय: आवळ, आवळ, थोडी सैल सोड, परत आवळ.

तुम्ही म्हणाल, इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलीला ही भानगड कशाला? तर आम्हाला बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन नावाचा एक विषय असतो. त्यात ब्लड प्रेशर कसं मोजायचं हे सविस्तर असतं, पण ते प्रेशर मुळात एका जागी टिकतं कसं हे दीड पानात उरकलेलं असतं. त्या दीड पानाने माझी झोप उडवली (पी.एल. मध्ये झोप उडवणारी इतर कारणंही होती, पण ते असो).

आधी शॉप फ्लोअरवर जाऊ. सुट्टीत मी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंगला होते. तिथे एक कॉम्प्रेसर रूम, ७ बार प्रेशरची मोठी लाइन शॉपभर फिरवलेली, आणि प्रत्येक मशीनपाशी एक फाटा व त्यावर व्हॉल्व्ह. शिफ्ट सुटायच्या आधी सगळेजण एअर गन घेऊन मशीन आणि स्वतःचे कपडे झटकायला लागले, की लाइनचं प्रेशर पडायचं आणि अगदी टोकाच्या मशीनचा न्यूमॅटिक क्लॅम्प ढिला व्हायचा. मग अलार्म, मग सुपरवायझर, मग शिव्या. कॉम्प्रेसर तेवढाच, हवा तेवढीच. फाटे किती उघडे आहेत त्यावर प्रेशर ठरतं.

हृदय हा आपला कॉम्प्रेसर. स्वस्थ बसलेलं असताना ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. मोठ्या धमन्या म्हणजे मुख्य लाइन. पण व्हॉल्व्ह कुठे आहेत? ते मोठ्या धमन्यांत नाहीत, आणि केशवाहिन्यांतही नाहीत. ते आहेत मधल्या अगदी बारीक धमन्यांमध्ये, ज्यांना धमनिका म्हणतात. यांचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि त्या मानाने भिंत मात्र जाडजूड, स्नायूंच्या पेशींनी गोल गुंडाळलेली. प्रेशर गेज लावत लावत हृदयापासून पुढे गेलं, तर मोठ्या धमन्यांत सरासरी प्रेशर ९५ मिलिमीटर पाऱ्याच्या जवळपास असतं आणि ते फारसं पडत नाही. धमनिका ओलांडून केशवाहिनीच्या तोंडाशी आलात की ते ३५ च्या घरात आलेलं असतं. म्हणजे सगळ्यात मोठा प्रेशर ड्रॉप या इवल्याशा नळ्यांमध्ये. जिथे ड्रॉप, तिथे कंट्रोल. हे आम्हाला कंट्रोल व्हॉल्व्हच्या पहिल्याच लेक्चरला सांगतात.

आणि कंट्रोल किती नाजूक! फ्लुइड मेकॅनिक्समधलं हेगन-पॉइझ्युल समीकरण आठवा (केटीवाल्यांना तर पाठच असेल). प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या २० टक्क्यांनी कमी केली तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. निम्मी केली तर सोळावा भाग उरतो. उलट दुप्पट प्रवाह हवा असेल, तर त्रिज्या १९ टक्के वाढवली तरी पुरे. रक्त हा काही पाण्यासारखा सरळ द्रव नाही, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू पडणार नाहीत, पण अंदाज बरोबर येतो. गंमत म्हणजे हा पॉइझ्युल मुळात डॉक्टर होता. रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं हे शोधायला तो बसला होता, आणि १८४० च्या सुमाराला त्याने जे काढलं ते आपल्या मानगुटीवर बसलं.

आता मुद्द्याचं. ही धमनिका आवळते आणि सैल होते कशी? मला वाटलं होतं, दोन वायर असतील. एक 'ओपन'ची, एक 'क्लोज'ची. सोलेनॉइड व्हॉल्व्हला असतात तशा. तर नाही! शरीरातल्या बहुतेक धमनिकांना एकच वायर आहे, आणि ती फक्त आवळायची. सैल करायची वेगळी वायरच नाही. (लाळेच्या ग्रंथींसारखे थोडे अपवाद सोडा.) मग सैल कसं करतात? आवळण्याचा सिग्नल कमी करून.

हे जमतं, कारण सिग्नल कधीच पूर्ण बंद नसतो. संध्याकाळी सहा वाजता चाकणच्या तळेगाव चौकात बाइकवर अडकला असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल. तिथे आपण क्लच पूर्ण दाबतही नाही आणि पूर्ण सोडतही नाही. गाडी हाफ क्लचवर. बोट जरा सैल केलं की गाडी सरकते, जरा दाबलं की थांबते. लिव्हर एकच, पण अर्धवट दाबलेला असल्यामुळे दोन्हीकडे कंट्रोल मिळतो. धमनिकांचं अगदी हेच. सिंपथेटिक नर्व्हमधून आराम करतानाही सेकंदाला साधारण एक-दोन सिग्नल येतच असतात आणि धमनिका अर्धवट आवळलेल्या असतात. सिग्नल वाढले, दहाच्या वर गेले, की जवळजवळ पूर्ण आवळतात. कमी झाले की आतल्या रक्ताचं प्रेशरच त्यांना फुगवतं. जन्मल्यापासून आपण सगळे हाफ क्लचवर आहोत. मेकॅनिक बघेल तर म्हणेल, क्लच प्लेट जळेल!

हे पहिल्यांदा दिसलं एका सशाच्या कानात. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने १८५१ च्या सुमाराला सशाच्या मानेतली एका बाजूची सिंपथेटिक नर्व्ह कापली, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. नर्व्ह कापल्यावर तो भाग गार पडेल अशी अपेक्षा होती, घडलं उलटं. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार याने त्याच नर्व्हच्या कापलेल्या टोकाला विजेचा झटका दिला, तर कान पांढरा पडला. दोन प्रयोग जोडून बघा: नर्व्ह गेली की वाहिनी उघडते, नर्व्ह चेतवली की मिटते. म्हणजे आवळण्याचं काम नर्व्ह रोजच करत होती.

वायरिंग थोडक्यात सांगते. मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मानेच्या वर जिथे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, कंट्रोल रूम. तिथून मज्जारज्जूतून खाली, छाती आणि कंबरेच्या वरच्या भागाच्या मणक्यांमधून बाहेर. मणक्याच्या दोन्ही बाजूंना गाठींची एक माळ असते, तिथे एक जॉइंट. तिथून पुढचा तंतू धमनीच्या अंगाखांद्यावरून थेट धमनिकेपर्यंत. शेवटी तो प्लगसारखा एका जागी खुपसलेला नसतो. ठिबक सिंचनाची नळी कशी शेतातून जाते आणि ठरावीक अंतरावर थेंब सोडते, तसा तो धमनिकेच्या बाजूने जातो आणि त्याच्यावरच्या मण्यांसारख्या फुगवट्यांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतो. नर्व्हमधून हेच रसायन सुटतं हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं, आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे रसायन स्नायूच्या पेशीवर असलेल्या 'अल्फा' जातीच्या कुलपात किल्लीसारखं बसतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, पेशी आखडते, नळी आवळते. नर्व्ह, थेंब, कुलूप, स्नायू. ही चार नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता लूप पूर्ण करू, नाहीतर आमचे सर म्हणतील फीडबॅक कुठाय. सेन्सर दोन ठिकाणी आहेत. एक मानेत, जबड्याच्या कोपऱ्याखाली जिथे धमनी दुभंगते तिथे. दुसरा हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत. हे प्रेशर मोजत नाहीत, भिंत किती ताणली ते मोजतात. स्ट्रेन गेज! ताण वाढला की ते कंट्रोल रूमला जास्त सिग्नल पाठवतात आणि कंट्रोल रूम आवळणं कमी करते. ताण घटला की आवळणं वाढतं. सकाळी आठच्या लेक्चरसाठी तुम्ही पावणेआठला कॉटवरून ताडकन उठता, तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त गुरुत्वाकर्षणाने पाय आणि पोटाकडे उतरतं. हे होऊनही तुम्ही धाडकन पडत नाही, कारण काही सेकंदांत पायांच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळलेल्या असतात. आपल्याला पत्ताही नसतो.

लूप फसला तर काय होतं तेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी एक तरी पडतो, आणि तो बहुतेक वेळा जिममध्ये जाणारा, दंड दाखवत आलेला असतो. एकाची तर अजून सुई टोचलीही नव्हती, शेजारच्याची पिशवी भरताना बघूनच साहेब आडवे. साडेतीनशे मिली रक्त गेल्याचा प्रश्नच नव्हता! होतं असं, की भीतीने किंवा रक्त बघून कंट्रोल रूम अचानक उलटा निर्णय घेते. आवळण्याचा सिग्नल एकदम थांबतो, धमनिका सगळीकडे सैल पडतात, दुसऱ्या एका नर्व्हमुळे हृदयाची गतीही उतरते, प्रेशर कोसळतं, मेंदूला रक्त कमी पडतं. हाफ क्लचवरून बोट एकदम सुटावं आणि गाडी झटका खाऊन बंद पडावी, तसं. आणि आपण काय करतो? चौघे मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवतो. मेंदूला रक्त पोहोचावं म्हणून शरीराने त्याला आडवं पाडलंय, आणि आपण परत उभं करतोय! आडवंच राहू द्या, पाय वर करा, गर्दी हटवा. दोन मिनिटांत तो स्वतःच "काही नाही झालं रे" म्हणत उठून बसेल.

नर्व्ह म्हणते ते सगळंच चालतं असंही नाही. पळताना पायाच्या स्नायूंमध्ये जी रसायनं साठतात ती तिथल्या धमनिकांना जागेवरच सैल करतात, नर्व्ह कितीही 'आवळ' म्हणाली तरी. म्हणून पळणाऱ्याच्या पायाला रक्त मिळतं आणि त्याच वेळी आतड्यांचा पुरवठा कापला जातो. जेवल्या जेवल्या ग्राउंडवर पळायला लावणाऱ्यांनी हे वाचावं.

आपल्याच भागातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. भोसरी-चाकण पट्ट्यात कास्टिंग घासणारे, हातात ग्राइंडर किंवा चिपिंग हॅमर घेऊन दिवसभर काम करणारे पुष्कळ लोक आहेत. वर्षानुवर्षं असं थरथरतं हत्यार धरलं, की बोटांच्या बारीक नर्व्ह आणि धमनिकांची भिंत दोन्ही बिघडतात. मग थंडीत एखाद्या सकाळी एक-दोन बोटं एकदम पांढरीफटक, मेणासारखी, बधिर. क्लच पूर्ण दाबला जातो आणि तिथेच अडकतो. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडखाणींत एअर हॅमर वापरणाऱ्या कामगारांचे हात तपासून हे नोंदवलं होतं. तेही एअर लाइनवर चालणारंच हत्यार. आपल्याकडे हवा उष्ण असल्यामुळे बोटं पांढरी होणं कमी दिसतं, पण मुंग्या आणि बधिरपणा येतोच. डबा खाताना शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणणारा ग्राइंडरवाला भेटला, तर त्याला "म्हातारा झालास" म्हणून हसू नका. डॉक्टरकडे पाठवा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. नर्व्ह, थेंब, कुलूप, स्नायू या साखळीत नेमकं कुठे हात घालायचा, हे आपल्या महाराष्ट्रातल्या दोन डॉक्टरांनी जगाला दाखवलंय.

पहिले मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. त्या काळात वाढलेल्या ब्लड प्रेशरवर धड औषध नव्हतं. परदेशात तर सर्जन लोक मणक्याशेजारची ती गाठींची माळच कापून टाकत. प्रेशर उतरायचं, पण मग माणूस उभा राहिला की चक्कर येऊन पडायचा, कारण लूपची वायरच तोडलेली. डॉ. वकील यांनी सर्पगंधेच्या मुळापासून केलेल्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांचे निष्कर्ष छापले. सर्पगंधा आपल्याकडे वैद्यांना जुनीच माहीत होती, पण आकडे मांडून जगापुढे ठेवली ती त्यांनी. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळातलं रेसरपिन वेगळं केलं गेलं, आणि पुढे कळलं की ते नर्व्हच्या टोकातला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठाच रिकामा करतं. वायर शाबूत, सिग्नल येतोय, पण ठिबकच्या नळीत पाणीच नाही! १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन आज मागे पडलंय. तसेच साठे मेंदूतही असतात आणि ते रिकामे झाले की काहींना नैराश्य यायचं, हे त्याचं एक कारण.

दुसरी गोष्ट इथून घाट उतरून पलीकडची, महाड-पोलादपूरची. माझी रूममेट पोलादपूरकडची. तिच्या धाकट्या भावाला, तो नऊ वर्षांचा असताना, भाताच्या पेंढ्यातून विंचू चावला. लहानसा, तांबडा. कोकणात मोठ्या काळ्या इंगळीला लोक जास्त घाबरतात, पण जीव घेतो तो हा तांबडा. पोराला फार दुखतही नव्हतं, म्हणून घरचे निर्धास्त. ज्यांना चावल्या जागी भयंकर ठणका असतो ते बरेचदा तेवढ्यावर सुटतात. खरी भीती असते ती न ठणकणाऱ्याची. कुणीतरी विंचू उतरवणाऱ्याला बोलवायला गेलं. तोवर मुलाला उलट्या, अंगावरून पाणी वाहावं असा घाम. आणि मग आजीने त्याचे पाय चेपायला घेतले आणि ओरडली, "अगं बाय, पाय गार पडले पोराचे!"

हे गार पाय म्हणजे काय ते आता आपल्याला माहीत आहे. विंचवाचं विष नर्व्हच्या सोडियमच्या दारांवर काम करतं. ती दारं सिग्नल देऊन लगेच मिटायची, ती उघडीच राहतात. शरीरभरच्या सिंपथेटिक नर्व्ह सिग्नलचा मारा करतात आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो. सगळीकडच्या धमनिका एकाच वेळी पूर्ण आवळतात. हातपाय थंडगार, ब्लड प्रेशर आभाळाला. मेकॅनिकलवाल्यांनो, पंप चालू आहे आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करत आणलाय अशी कल्पना करा. आधीच नॉरअ‍ॅड्रेनलिनने पिसाळलेलं हृदय त्या बंद दारावर धडका देत राहतं, आणि थकतं. मग रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांत पाणी झिरपतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा हेच चाललं होतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा शेतकऱ्याचा मुलगा, नागपूरहून एम.बी.बी.एस. झालेला. (त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र आमच्या मजल्यावर हातोहात फिरतंय.) त्या काळातल्या नोंदींत गंभीर विंचूदंशाचे साधारण ३० टक्के रुग्ण दगावत, त्यात मुलं जास्त. बावस्करांनी काय केलं? रुग्णाशेजारी बसून राहिले. कधी घाम, कधी उलटी, नाडी किती, प्रेशर किती, पाय कधी गार पडतात, तासातासाला लिहीत गेले. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करतो, त्यांच्या रीडिंगवर माणसं जगणार होती. धोक्याच्या आधीच्या खुणा कुठल्या हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. मग पुण्यातून एम.डी. करून परत त्याच भागात गेले.

त्यांच्या नोंदींवरून एक गोष्ट उघड होती: विषापेक्षा मारतंय ते विषाने उठवलेलं वादळ, आणि ते वादळ धमनिकांवर फुटतंय. तर धमनिका उघडा! आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. माणसं वाचली. पण ते औषध सलाइनमधून, थेंब मोजत द्यायचं, बाटली उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळायची, दर काही मिनिटांनी प्रेशर बघायचं. खेड्यातल्या दवाखान्यात, लाइट गेलेली असताना, हे कोण करणार? तेव्हा त्यांचं लक्ष गेलं प्रॅझोसिनकडे. ही ब्लड प्रेशरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. ती काय करते? धमनिकेच्या स्नायूवरच्या त्या अल्फा कुलपात आधीच जाऊन बसते. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर आला तरी किल्ली आत जायला जागाच नाही. वकिलांच्या सर्पगंधेने थेंब संपवले, बावस्करांच्या गोळीने कुलूप बुजवलं. १९८६ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. प्रॅझोसिन वेळेत मिळू लागल्यावर मृत्यूचं प्रमाण ३० वरून १ टक्क्याच्या आसपास आलं.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की नवीन काहीच शोधलेलं नाही. गोळी मेडिकलच्या दुकानात होती, अल्फा कुलूप पुस्तकात होतं, विंचू तर कौलाखाली होताच. तिघांना जोडणारी ओळ गार पायांतून निघाली. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

काम तिथेच थांबलेलं नाही. विंचवाच्या विषावरचं सीरम, म्हणजे प्रतिविष, मुंबईच्या हाफकिनमध्ये बनतं. नुसती प्रॅझोसिन की प्रॅझोसिन अधिक सीरम, हे बावस्करांनी महाडच्या आपल्याच हॉस्पिटलमध्ये ७० रुग्णांवर तपासलं आणि २०११ मध्ये 'बी.एम.जे.'मध्ये मांडलं. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांच्या आत सावरले, नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. सीरम रक्तात फिरणारं विष पकडतं, पण नर्व्हने आधीच सोडलेल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनला ते हात लावू शकत नाही. तिथे गोळीच लागते. एक जण लाइनीच्या सुरुवातीला उभा, दुसरा शेवटी.

रूममेटच्या भावाला त्या रात्री टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी आधी कुठलंही मशीन लावलं नाही, तळपायाला हात लावून बघितला. गोळी दिली आणि आईला बजावलं, "याला बसवायचं नाही, उचलून कडेवर तर अजिबात घ्यायचं नाही, आडवाच ठेवायचा." कारण कुलूप बुजवल्यावर धमनिका आणि शिरा सैल, आणि उभं राहिल्यावर आवळायची वेळ आली तर कोण आवळणार? त्या शिबिरातल्या पैलवानासारखा तोही पडायचा. (ही गोळी म्हणूनच स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, आजोबांच्या डब्यातली तर नाहीच.) रात्रभर आई आणि आजी आळीपाळीने त्याच्या पायाला हात लावून बघत होत्या. पहाटे कधीतरी आधी गुडघे, मग घोटे, मग अंगठे कोमट झाले. तो आता अकरावीला आहे. रूममेट मात्र आमच्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरही रोज सकाळी बूट दोनदा आपटून मगच पाय घालते, आणि खालच्या मजल्यावरच्या मुली रेक्टर मॅडमकडे तक्रार करतात.